पाठीवरचं स्वयंपाकघर: ट्रेकला कुठला स्टोव्ह, कुठला टोप?

(ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला सोपं जातं त्यांच्यासाठी या भागाचा मजकूर. बोलताना आलेले "अं" आणि "म्हणजे" थोडे कमी केलेत, बाकी जसं बोललो तसंच आहे.)

मागच्या भागात सॅकचं वजन कसं कमी करायचं यावर बोललो होतो, आणि त्यानंतर जे मेसेज आले त्यातले निम्मे एकाच गोष्टीबद्दल होते. स्टोव्ह. कुठला घेऊ, किती गॅस लागेल, टायटॅनियमचं भांडं घेऊ का, घरचा टोप चालेल का. आणि एका मुलीने विचारलंय, "दादा, पावसात टेंटच्या आत स्टोव्ह लावला तर चालतं ना? सगळे लावतात." तर आजचा अख्खा भाग याच्यावर. आणि तो टेंटचा प्रश्न आहे ना, तो मी शेवटी ठेवणार नाहीये, आधीच घेणार आहे. कारण काहीजण दहा मिनिटं ऐकतात आणि लोकल आली की बंद करतात.

तर उत्तर आहे, नाही. टेंटच्या आत स्टोव्ह नाही. शेगडी नाही, बार्बेक्यू नाही, "फक्त चहापुरता" पण नाही.

आता नुसतं नाही म्हटलं की आपल्याला पटत नाही, म्हणून कारण सांगतो. गॅस नीट जळायला भरपूर हवा लागते. हवा कमी पडली, किंवा ज्योत थंडगार भांड्याच्या बुडाला आपटून अर्धवट विझली, की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला वास नाही, रंग नाही, डोळे चुरचुरत नाहीत. आपल्या रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशे पटींहून जास्त घट्ट चिकटतो. म्हणजे तुम्ही श्वास घेताय, छाती हलतेय, पण ऑक्सिजन शरीरात पोचतच नाही. लक्षणं काय? डोकं दुखणं, मळमळ, गुंगी. दिवसभर सहा-सात तास चाललेल्या माणसाला ही लक्षणं आली तर तो काय म्हणेल? "दमलोय, झोपतो." आणि झोपतो. घात तिथेच होतो.

जानेवारी २०२० मध्ये नेपाळमधल्या दामन नावाच्या ठिकाणी केरळच्या आठ पर्यटकांचा असाच मृत्यू झाला. त्यात चार लहान मुलं होती. थंडी होती म्हणून रिसॉर्टच्या खोलीत गॅसचा हीटर लावून, दारं-खिडक्या बंद करून झोपले होते. ती तर खोली होती, टेंट त्याच्या कितीतरी पट लहान.

कोळसा याहून वाईट. पवनेच्या किंवा भंडारदऱ्याच्या काठावर बार्बेक्यू करतात, रात्री निखारे मंद होतात, कुणीतरी म्हणतं "ऊब येईल रे" आणि शेगडी टेंटच्या तोंडाशी किंवा आतच ओढून घेतं. वरून राख दिसते म्हणजे कोळसा विझला असं नसतं. उलट असा धुमसणारा कोळसाच भरपूर कार्बन मोनॉक्साइड सोडतो. कुणी टेंटमध्ये शेगडी घेताना दिसलं तर ओळखीचं असो नसो, बोला. वाईटपणा घ्या. आणि कुणाला बंद जागेत गुंगी आली, उलटीसारखं झालं, तर आधी त्याला उघड्यावर काढा, मग १०८ ला फोन. "थोडं पडू दे त्याला" असं नको.

दुसरं कारण, टेंटचं कापड नायलॉन किंवा पॉलिस्टरचं असतं. ते कागदासारखं नुसतं जळत नाही, ते वितळतं आणि अंगाला चिकटतं. आणि तिसरं, जे फारसं कुणी बोलत नाही. आपला गॅस हवेपेक्षा जड असतो. ब्युटेन तर हवेच्या साधारण दुप्पट जड. टेंटचा तळ परातीसारखा कडेने वर आलेला असतो, पाणी आत येऊ नये म्हणून. आत बसून कॅनिस्टर बदललात आणि जरासा गॅस गळला, तर तो त्या परातीत साठून राहतो. मग कुणीतरी लायटर ओढतं.

मग पावसात काय करायचं? एक ताडपत्री. साधी, हलकी. दोन ट्रेकिंग पोल किंवा दोन झाडं, डोक्याएवढ्या उंचीवर बांधा, बाजू उघड्या ठेवा, आणि त्याखाली उकिडवं बसून शिजवा. एका बाजूने थोडं भिजाल. ठीक आहे.

हां, आता स्टोव्हकडे येऊ.

पहिला प्रश्न मी उलटा विचारतो. तुम्हाला स्टोव्ह लागतोय का? सकाळी जाऊन संध्याकाळी परत येणार असाल, कळसूबाई, हरिहर, लोहगड वगैरे, तर माझं स्पष्ट मत आहे की नाही लागत. एक चांगला थर्मास घ्या. घरून निघताना त्यात आधी नुसतं उकळतं पाणी ओतून पाच मिनिटं ठेवा, ते काढा आणि मग चहा भरा. भांडं आतून गरम झालेलं असतं, त्यामुळे चहा बराच जास्त वेळ कढत राहतो. बरोबर दशम्या, थालीपीठं, ठेचा. किंवा पायथ्याला जेवा ना! बारी असो, पाचनई असो, साम्रद असो, आदल्या दिवशी फोन केला की घरी पिठलं-भाकरी मिळते, आणि ती आपल्या हातच्या अर्धकच्च्या खिचडीपेक्षा शंभर पट चांगली असते. त्या घराला चार पैसे मिळतात. डे-ट्रेकला स्टोव्ह नेणारे बहुतेकजण रीलसाठी नेतात, हे मी आता म्हणतोय, कमेंटमध्ये भांडा.

मुक्काम असेल, तर मात्र पुढे ऐका.

आपल्याकडे ट्रेकचा स्टोव्ह म्हटलं की ऑनलाइन सगळ्यात आधी तो दिसतो. केशरी प्लास्टिकच्या डबीत बसणारा, तीन पाय उघडणारा, मुठीएवढा. हजार रुपयांच्या आत मिळतो. चांगला आहे का? खरं सांगू, आहे. पाणी उकळायला एकदम ठीक. पण तो घेण्याआधी गॅसचा डबा कुठला लागतो ते बघा, कारण गोंधळ तिथेच होतो.

डबे दोन प्रकारचे. एक बुटका, घुमटासारखा, वर आटे असलेला. स्टोव्ह थेट त्यावर फिरवून बसतो. दुसरा लांबोडा, अगदी हेअर स्प्रेच्या डब्यासारखा, वर नळी. हा मुळात त्या आडव्या कॅसेट स्टोव्हसाठी असतो, हॉटेलात टेबलावर ठेवतात ना, तो. आपल्याकडे हा लांबोडा सहज मिळतो आणि स्वस्त पडतो, म्हणून लोक छोट्या स्टोव्हला अडॅप्टर लावून वापरतात. चालतं. फक्त उभ्या लांबोड्या डब्यावर स्टोव्ह, त्यावर टोप, त्यात दोन लिटर पाणी म्हणजे कुतुबमिनार होतो. कुणाचा तरी पाय लागणार आणि उकळतं पाणी मांडीवर येणार. उकळत्या पाण्याने भाजणं आणि गडावरून रात्री खाली उतरवणं, हे डोक्यात आणा आणि अडॅप्टर घ्यायचाच तर तीन पाय असलेला पसरट घ्या. किंवा असा स्टोव्ह घ्या ज्याचा बर्नर वेगळा जमिनीवर बसतो आणि डबा नळीने बाजूला राहतो. वजन थोडं वाढतं, पण चार-पाच जणांचा स्वयंपाक असेल तर मी हाच सांगेन.

कॅसेट स्टोव्हबद्दल दोन गोष्टी. डब्याच्या कडेला एक खाच असते, ती वरच्या बाजूला आली पाहिजे. आत एक वाकडी नळी असते, खाच वर असली की नळीचं तोंड वर राहतं आणि फक्त वाफ येते. उलटा बसला तर द्रव गॅस येतो आणि हातभर भडका उडतो. दुसरं, त्यावर मोठा तवा किंवा परात ठेवायची नाही. तव्याची कड डब्याच्या खणावर आली की खालून डबा तापायला लागतो. डब्यावर लिहिलेलं असतं, ५० अंशांच्या वर नको. मे महिन्यात उन्हात उभ्या गाडीच्या डिकीत पण नको, तेही त्याच कारणाने.

आता जरा इंजिनिअरगिरी करू, पळून जाऊ नका. किती गॅस लागतो?

एक लिटर पाणी, २५ अंशांवरून १०० अंशांवर न्यायचं. ७५ अंश गुणिले ४.१८, म्हणजे साधारण ३१४ किलोज्यूल. एक ग्रॅम गॅस जळला की साधारण ४६ किलोज्यूल देतो. म्हणजे सगळी उष्णता पाण्यात गेली तर ७ ग्रॅम पुरे. पण सगळी कधीच जात नाही, निम्मी हवेत. म्हणून धरा, लिटरला १४ ग्रॅम. तुमचा डबा असतो साधारण २२० ते २३० ग्रॅमचा. म्हणजे एका डब्यात पंधरा-सोळा लिटर पाणी उकळतं!

चार जण, एक रात्र. संध्याकाळचा चहा, रात्री खिचडी आणि सूप, सकाळी परत चहा आणि मॅगी. सगळं मिळून पाच लिटर उकळण्याएवढं काम धरा, वर खिचडी मंद आचेवर शिजायचा थोडा गॅस. ८० ते १०० ग्रॅम झाला. म्हणजे एक डबा दोन रात्री पुरतो. आणि लोक एका रात्रीला तीन डबे घेऊन जातात, मग रिकामे-अर्धे डबे गडावर टाकून येतात. गुहेच्या कोपऱ्यात जे ढीग दिसतात ते तेच.

हे गणित वाऱ्यात कोसळतं. उघड्या माचीवर, भन्नाट वाऱ्यात, तेच पाणी उकळायला दुप्पट गॅस जातो, कधी उकळतच नाही. म्हणून महागडा स्टोव्ह घेण्याआधी आडोसा बघा. दगडाची भिंत, सॅक थोडी लांब उभी करून, किंवा पत्र्याचा घडीचा आडोसा मिळतो तो. पण स्टोव्ह डब्याच्या वरच बसणारा असेल तर पत्रा चारही बाजूंनी गुंडाळायचा नाही. ती भट्टी होते आणि डबा आत. तीन बाजू वाऱ्याकडे, एक उघडी, आणि मधून मधून डब्याला हात लावून बघा. हाताला गरम लागला तर बंद.

अजून एक. बर्नरवर लिहिलेलं असतं ३ किलोवॅट, ३.५ किलोवॅट, आणि आपण नॉब पूर्ण फिरवतो. ३ किलोवॅटला तासाला साधारण २३५ ग्रॅम गॅस जातो, म्हणजे अख्खा डबा एका तासात. आणि लहान टोप असेल तर ज्वाळा कडेने वर निघून जातात, सांडशीने धरायला जावं तर बोटं पोळतात. ज्योत टोपाच्या बुडाच्या आत राहील एवढीच ठेवा. पाच मिनिटांचं काम सात मिनिटांत होईल. गडावर तुम्हाला कुठली मीटिंग आहे?

झाकण. झाकण. झाकण. बस, एवढंच.

आता थंडीचं. हिमालयात जाणाऱ्यांनी हे नीट ऐका. ब्युटेन उणे अर्ध्या अंशाला उकळतो. म्हणजे शून्याच्या खाली तो डब्यात नुसता पाण्यासारखा पडून राहतो, वाफच होत नाही. डबा हलवला की आत खळखळ ऐकू येतं आणि स्टोव्ह पेटत नाही. लोकांना वाटतं खराब माल दिला. माल ठीक असतो, भौतिकशास्त्र आडवं येतं. आयसोब्युटेन उणे १२ च्या आसपास, प्रोपेन उणे ४२. म्हणून थंडीसाठी आयसोब्युटेन आणि प्रोपेनचं मिश्रण असलेला डबा लागतो, तो बहुतेक आट्यांचाच येतो. आणि सह्याद्रीत सुद्धा डिसेंबरच्या पहाटे ज्योत मरतुकडी होते, बघितलंय का? बाहेर आठ-दहा अंश असतात, पण गॅसची वाफ होताना तो डब्यातली उष्णता खेचतो, डबा अजून थंड होतो, दाब पडतो. उपाय सोपा. रात्री डबा स्लीपिंग बॅगच्या पायाशी ठेवा, आणि पेटवताना एका ताटलीत कोमट पाणी घालून डबा त्यात उभा करा. कोमट म्हणतोय. उकळतं नाही. आणि डब्याखाली मेणबत्ती लावणारे लोक मी पाहिलेत, त्यांच्यापासून लांब बसा.

एक मेसेज होता, "घरच्या सिलिंडरमधून छोटा डबा भरायचा अडॅप्टर मिळतो, घेऊ का? पैसे वाचतात." नको. आणि का ते ऐका. तो पातळ पत्र्याचा डबा ब्युटेनसाठी बनवलाय. ४० अंशांना ब्युटेनचा दाब साधारण ३.८ बार असतो. त्याच तापमानाला प्रोपेनचा १३ बारच्या वर. घरचा एलपीजी हे दोघांचं मिश्रण, म्हणजे दाब मध्ये कुठेतरी, पण डब्याला अपेक्षित असलेल्यापेक्षा जास्त. शिवाय घरी भरताना किती भरला ते कळत नाही. डबा काठोकाठ द्रवाने भरला तर वर वाफेला जागा राहत नाही, आणि उन्हात द्रव प्रसरण पावला की फुटण्याशिवाय त्याच्याकडे पर्याय नसतो. आणि असं भरणं बेकायदेशीर आहे ते वेगळंच. दोनशे रुपये वाचवायला पाठीवर बॉम्ब कशाला?

प्रवासाचं पण सांगून टाकतो. विमानात गॅसचा डबा ना हातातल्या बॅगेत, ना चेक-इनमध्ये. रेल्वेत सुद्धा नाही. "सॅकमध्ये कोण बघतंय" असं म्हणतात ना, तर २६ ऑगस्ट २०२३ ला मदुराई स्टेशनवर उभ्या असलेल्या पर्यटकांच्या एका डब्याला आग लागली. लपवून आणलेल्या सिलिंडरवर पहाटे चहा करत होते. नऊ माणसं गेली. रेल्वे कायद्यात याला तीन वर्षांपर्यंत कैद, किंवा हजार रुपये दंड, किंवा दोन्ही आहे. पण कायद्यापेक्षा ते नऊ जण लक्षात ठेवा. हिमालयात जाताय तर बर्नर घरून न्या, गॅस मनालीत, लेहमध्ये, जिथून चढणार तिथे विकत घ्या.

गॅसशिवाय काय आहे? पटकन सांगतो.

हेक्झामिनच्या वड्या. पांढऱ्या, साबणाच्या छोट्या वडीसारख्या. जर्मनीत १९३६ मध्ये एरिश शूम याने काढल्या, एस्बिट हे नाव त्याच्यावरूनच पडलं. आपल्या लष्करातही अशा वड्या वापरतात. हलक्या, सांडत नाहीत, एकट्याच्या चहाला मस्त. पण वास येतो, भांड्याच्या बुडाला चिकट काजळी बसते, आणि आच कमी-जास्त करता येत नाही.

स्पिरिटचा स्टोव्ह. कोल्ड्रिंकच्या कॅनपासून घरी बनवतात तो. व्हिडिओ बघायला फार गोड. आवाज नाही, बिघडण्यासारखं काही नाही. लिटरभर पाण्याला साधारण २५ ग्रॅम स्पिरिट लागतं. पण मी नवख्याला हा देणार नाही. एकच कारण, दिवसा याची ज्योत दिसत नाही. अजिबात. विझला असं समजून माणूस बाटलीतून अजून स्पिरिट ओततो आणि ज्योत धारेवरून बाटलीत चढते. वापरायचाच असेल तर नियम असा, पूर्ण थंड झाल्याशिवाय परत भरायचा नाही, मग चहा अर्धा राहिला तरी चालेल. आणि लेबलवर मिथेनॉल लिहिलेलं असेल तर ते विष आहे, पाण्याच्या बाटलीत भरून नेऊ नका. अंधारात कुणीतरी पिईल.

आणि आपला पंपाचा स्टोव्ह! आजीकडे पितळी असायचा, काकडा पेटवायचा, पंप मारायचा, मध्येच पिन मारायची, आणि मग तो भुर्र आवाज. ही रचना स्वीडनच्या लिंडक्विस्टची, १८९२ ची, प्रायमस. वात नाही, रॉकेलची वाफ करून ती जाळायची. अमुंडसेनने हा स्टोव्ह दक्षिण ध्रुवाच्या मोहिमेवर नेला होता, १९५३ मध्ये एव्हरेस्टवर सुद्धा प्रायमस होता. आजही फार उंचीवर, फार थंडीत मोहिमा हाच प्रकार वापरतात, पंप मारायचा, द्रव इंधनाचा. कारण दाब आपण हाताने देतो, थंडीची पर्वा नाही. पण राजगडासाठी तो नेणं म्हणजे गल्लीतल्या वाण्याकडे जायला ट्रक काढणं. शिवाय रॉकेल आणणार कुठून?

चूल. तीन दगड, वाळकी लाकडं. फोटो छान येतो. पण दिवाळीनंतर सह्याद्रीतलं गवत कसं होतं तुम्हाला माहीत आहे. एक ठिणगी आणि अख्खा डोंगर काळा. वणव्यात गवत तर जातंच, आणि जमिनीवर घरटी करणारे पक्षी, सरडे, पावसाळ्यात लावलेली रोपं, सगळं जातं. कळसूबाई-हरिश्चंद्रगड, भीमाशंकर ही अभयारण्यं आहेत, तिथे आग लावणं हा वन्यजीव कायद्याखाली गुन्हा आहे. आणि किल्ल्यांवर जी वास्तू संरक्षित आहे तिथे परवानगीच्या जागेशिवाय स्वयंपाकच करता येत नाही, गॅसवर पण. जुलै २०२५ मध्ये राजगड, रायगड, साल्हेरसह बारा किल्ले जागतिक वारसा यादीत गेले. त्यामुळे निघायच्या आधी मुक्काम आणि स्वयंपाक चालतो का हे पायथ्याच्या गावात किंवा वनखात्याच्या चौकीवर विचारा. देवळाच्या ओवरीत, जुन्या कोरीव भिंतीला टेकवून स्टोव्ह लावू नका, तो काळा डाग पुढची शंभर वर्षं तिथे राहतो. स्टोव्ह कुठे लावायचा? उघड्या कातळावर, गवतापासून दोन हात लांब, बाजूला पाण्याची बाटली.

चला, भांडी. इथे माझं मत बऱ्याच लोकांना आवडत नाही.

टायटॅनियम घेऊ नका. म्हणजे, पैसे उतू जात असतील तर घ्या. हलकं आहे, मान्य. पण टायटॅनियम उष्णता पसरवण्यात फार कच्चं. अॅल्युमिनियम त्याच्यापेक्षा दहा पटींहून जास्त चांगलं. टायटॅनियमच्या भांड्यात जिथे ज्योत लागते तिथेच तापतं. नुसतं पाणी उकळून पाकिटात ओतणाऱ्या परदेशी ट्रेकरला ते चालतं, तो शिजवतच नाही. आपण भात लावतो, खिचडी करतो, रस्सा करतो. मधोमध करपलेलं आणि कडेला कच्चं, असा भात तयार होतो आणि मग थंड पाण्यात नखाने भांडं खरवडत बसा.

स्टील पण उष्णता वाहून नेण्यात असंच कच्चं आहे आणि जड आहे, पण घरात असतं, फुकट असतं, आपटलं तरी चालतं. अॅल्युमिनियम सगळ्यात सोयीचं. साध्या अॅल्युमिनियममध्ये चिंच, कोकम, टोमॅटोचं काही करून ठेवू नका, धातू अन्नात उतरतो. हार्ड अॅनोडाइज्ड घेतलं तर तो त्रास नाही. ऑनलाइन एकात एक बसणारा सेट मिळतो, टोप, त्याचं झाकण म्हणजेच तवा, आत वाट्या. चांगला आहे, पण त्यातली ती इटुकली प्लास्टिकची पळी आणि स्पंज घरीच ठेवा. घ्यायच्या आधी बूड बघा. रुंद आणि सपाट हवं. उंच अरुंद भांड्यात ज्योतीची निम्मी उष्णता बाहेर जाते.

आणि नवीन काही घ्यायचंच नसेल तर घरातला दीड-दोन लिटरचा, बिनकानाचा, सपाट बुडाचा टोप, त्यावर बसणारी ताटली आणि एक सांडशी. झालं. चार जणांचं काम होतं. पिठाच्या डब्याला जागा सॅकमध्ये मिळते तर टोपाला पण मिळेल, फक्त तो रिकामा नेऊ नका, आत तांदूळ-डाळ-मसाला भरा.

कुकर न्यायचा का? आता हा खरा चांगला प्रश्न आहे. उंची वाढली की पाणी कमी तापमानाला उकळतं, दर ३०० मीटरला साधारण एक अंश. कळसूबाई १६४६ मीटर, म्हणजे तिथे ९४-९५ अंशांना उकळणार. भात होतो, थोडा वेळ जास्त. डाळ मात्र रुसते. लेहला, ३५०० मीटरवर, ८८ च्या आसपास. तिथे तूरडाळ तासभर उकळा, दाण्याला दाणा वेगळा राहतो. म्हणून सह्याद्रीत कुकर नको, लडाखमध्ये चार-पाच जण असाल तर दीड लिटरचा छोटा कुकर वजनाला वसूल आहे.

सह्याद्रीत त्याऐवजी हे करा. तांदूळ आणि मूगडाळ चढायला लागताना डब्यात भिजत घाला, चढेपर्यंत तास-दोन तास होतात. टोपात फोडणी, मग आधण, उकळी आली की भिजवलेलं घाला, पाच-सात मिनिटं झाकण ठेवून उकळा आणि गॅस बंद. मग तो टोप तसाच बंद झाकणाने चादरीत किंवा जाड जॅकेटमध्ये घट्ट गुंडाळून अर्धा तास विसरून जा. सरळ ठेवा फक्त. आतल्या वाफेवर खिचडी पूर्ण शिजते, खाली लागत नाही, आणि गॅस निम्म्याहून कमी जातो. आमच्या ग्रुपमध्ये सुरुवातीला सगळे हसले होते, आता चादर कुणाची वापरायची यावर भांडण होतं.

टाक्यातलं पाणी पिणार असाल तर आधी फडक्यातून गाळा, मग खळखळून एक मिनिट उकळी. दोन हजार मीटरच्या वर असाल तर तीन मिनिटं. पाणी गढूळ नाही म्हणजे चांगलं असं नसतं.

उरलेला गॅस किती, हे कसं कळणार? हलवून नाही कळत. नवीन डबा आणला की स्वयंपाकघरातल्या काट्यावर वजन करा आणि मार्करने डब्यावर लिहा. परत आलात की परत वजन. फरक म्हणजे तुम्ही वापरलेला गॅस. दोन-तीन ट्रेक केलेत की तुमच्या ग्रुपचा आकडा तुम्हाला कळतो, माझे आकडे विसरून जा आणि तो वापरा.

स्टोव्ह जोडताना बघा, जोडाच्या आतलं काळं रबरी वायसर सुकून तडकलेलं नाही ना. जोडल्यावर साबणाच्या पाण्याचा एक थेंब जोडावर. बुडबुडे आले तर तो स्टोव्ह त्या दिवशी नाही पेटवायचा, पोहे भिजवून दही-मीठ घालून खा, कुणी मरत नाही. स्टोव्हमधला तो टिक-टिक लायटर दमट हवेत हमखास दगा देतो, म्हणून काडेपेटी प्लास्टिकच्या पिशवीत, आणि एक साधा लायटर. पेटवताना तोंड वर आणू नका, आधी काडी, मग नॉब.

रिकामा डबा परत आणा. पूर्ण रिकामा, उघड्यावर, आजूबाजूला काही पेटतं नाही असं बघून नॉब उघडा ठेवून शेवटचा गॅस जाऊ द्या, मग भंगारवाल्याला सांगून द्या की हा गॅसचा होता. तो बघतो पुढचं.

एक राहिलं. "ग्रुपमध्ये स्टोव्ह कुणी न्यायचा?" असा पण प्रश्न आलाय. स्टोव्ह एकाकडे, गॅस दुसऱ्याकडे, टोप तिसऱ्याकडे असं वाटून घेतात. मग गॅसवाला मागे राहतो आणि बाकीचे अंधारात टोप घेऊन बसतात. स्टोव्ह, गॅस आणि काडेपेटी एकाच सॅकमध्ये ठेवा, आणि ती सॅक सगळ्यात पुढे पोचणाऱ्याला नका देऊ, सगळ्यात शेवटच्या माणसाबरोबर थांबणाऱ्याला द्या. पावसात कुणी मागे अडकलं तर गरम चहाची गरज त्यालाच असते.

पुढच्या भागात स्लीपिंग बॅग आणि मॅट. प्रश्न पाठवून ठेवा, आणि पाठवताना कुठे जाताय, किती जण आणि कुठल्या महिन्यात ते लिहा, नाहीतर मला अंदाजाने उत्तर द्यावं लागतं. भेटू.